उकैर येथे १९२२ मध्ये सीमा ठरल्यानंतरही नज्द आणि इराक यांच्यामधील वाळवंटात शांतता का नांदली नाही?

आपला प्रश्न असा आहे की, ब्रिटिश अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी १९२२ मध्ये उकैर येथे तांबड्या पेन्सिलीने इराक, नज्द (मध्य अरबस्तानातील इब्न सौद यांचे राज्य) आणि कुवैत यांच्या सीमा आखून दिल्या, तरीही पुढची सात-आठ वर्षे त्या वाळवंटात छापे आणि कत्तली का चालू राहिल्या, आणि त्याचा दोष त्या रेषेला द्यावा काय. रेषेचा दोष आहेच. पण माझ्या मते त्याहून मोठा दोष रेषेबरोबर दिलेल्या एका वचनाच्या मोघमपणात आहे, आणि ते वचन विहिरींविषयीचे होते.

मी काही वर्षे नोकरीनिमित्त कुवैतमध्ये राहिलो. शहरातून दक्षिणेला वफ्राच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना सपाट, करडी जमीन पसरलेली दिसते. सीमा म्हणून बोट दाखवावे अशी नदी, टेकडी किंवा ओढा तिथे नाही. अशा मुलखात बेदुईन टोळीचा हक्क म्हणजे तिची ‘दीरा’, म्हणजे वर्षभरात तिची जनावरे जिथे जिथे चरतात आणि पाणी पितात तो सगळा टापू. हिवाळ्यातल्या पावसाने चारा उगवला की उंटांना ओल्या चाऱ्यातूनच पुरेसे पाणी मिळते आणि टोळी आठवडेच्या आठवडे विहिरीशिवाय दूरवर हिंडते; उन्हाळा लागला की तीच टोळी विहिरीभोवती येऊन थांबते, कारण तिथून हलणे म्हणजे जनावरांसकट मरणे. इराककडच्या मेंढपाळांची स्थिती तर फारच बिकट होती. मेंढ्यांना वरचेवर पाणी लागे, कळप सावकाश चाले, बिऱ्हाड गाढवांवर असे, आणि उंटांवरून आलेल्या छापेखोरांपुढे पळून जाण्याची त्यांना काहीच सोय नव्हती. या संघर्षाविषयी वाचताना राजे आणि हायकमिशनर यांचीच नावे पुढे येतात. मेले ते बहुतांशी हे मेंढपाळ.

मे १९२२ मध्ये मुहम्मरा येथे झालेल्या पहिल्या करारात अमुक टोळ्या इराकच्या आणि तमुक नज्दच्या, अशी वाटणी करण्यात आली होती. नज्दचे सुलतान इब्न सौद यांनी त्या करारास मान्यता दिली नाही, कारण धफीर आणि अमारात यांसारख्या ज्या टोळ्यांवर ते आपला हक्क सांगत होते, त्या इराकच्या पदरात टाकल्या गेल्या होत्या. वाळवंटात सीमा टोळ्यांच्या असतात, जमिनीच्या नसतात, हे त्यांचे म्हणणे स्वार्थाचे असले तरी खोटे नव्हते.

हा तिढा सोडवण्यासाठी इराकमधील ब्रिटिश हायकमिशनर असलेले कॉक्स नोव्हेंबर १९२२ च्या अखेरीस इराणी आखाताला लागून असलेल्या हसा प्रांताच्या किनाऱ्यावरील उकैरला गेले. तिथे हजर असलेल्या हॅरॉल्ड डिक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुढे लिहिलेल्या हकिकतीनुसार, कित्येक दिवस दोन्ही बाजू अवाच्या सवा मागण्या करीत राहिल्या, शेवटी कॉक्स यांचा धीर सुटला आणि खोड्याळ शाळकरी मुलाला दटवावे तसे त्यांनी इब्न सौद यांना दटावले. अरबस्तानातला तो दणकट पुरुष रडकुंडीला आला आणि आपण कॉक्स यांना आईबापांच्या जागी मानतो, त्यांनी सांगितले तर अर्धे राज्यही सोडून देऊ, असे म्हणाला. मग कॉक्स यांनी तांबडी पेन्सिल उचलली. त्याच संध्याकाळी इब्न सौद त्यांना एकांतात भेटले, आपले अर्धे राज्य गेले म्हणून रडले, आणि त्यांच्याबरोबर कॉक्स यांच्याही डोळ्यांत पाणी आले. ही हकिकत बऱ्याच वर्षांनी आठवणीतून लिहिलेली आहे, म्हणून तिच्यातला प्रत्येक शब्द मी प्रमाण मानत नाही. तिच्यात दिसणारी कारभाराची रीत मात्र खरी वाटते. कॉक्स यांनी कारकिर्दीच्या आरंभी आपल्याकडे कोल्हापूर आणि सावंतवाडी येथे लहान प्रशासकीय पदांवर काम केले होते आणि नंतरचा दीर्घ काळ भारत सरकारच्या राजकीय खात्याच्या वतीने इराणी आखातात काढला होता. संस्थानिकाला आधी समज द्यायची आणि मग मायेने जवळ घ्यायचे, ही पोलिटिकल एजंटांची पद्धत मराठी वाचकाला अनोळखी नाही.

त्या रेषेची सर्वांत जड किंमत कुवैतने मोजली. १९१३ च्या इंग्रज-तुर्की मसुद्यात कुवैतच्या शेखांचे वर्चस्व जिथवर मान्य केले होते, त्यातला सुमारे दोन-तृतीयांश मुलूख नज्दला देण्यात आला. उकैरला कुवैतच्या वतीने बसले होते मेजर मोर हे ब्रिटिश पोलिटिकल एजंट, आणि शेख अहमद अल-जाबिर यांना निर्णय कळला तो झाल्यावर. यात मला कोणतीही मुत्सद्देगिरी दिसत नाही; इराकसाठी इब्न सौद यांच्याकडून जे काढून घेतले, त्याची भरपाई दुर्बळ मित्राच्या खिशातून केली, एवढेच.

आता विहिरींकडे वळतो. २ डिसेंबर १९२२ रोजी झालेल्या उकैरच्या कराराला हल्ली अडाणीपणाचा नमुना म्हणण्याची रीत पडली आहे, ती मला पटत नाही, कारण करार करणाऱ्यांना पाण्याचे मोल चांगले कळत होते. ज्या ठिकाणी विहिरींवरून तोडगा निघेना, तिथे त्यांनी दोन तटस्थ प्रदेश ठेवले, एक नज्द-इराक यांच्यामध्ये आणि दुसरा नज्द-कुवैत यांच्यामध्ये. शिवाय इराकच्या हद्दीतली विहीर नज्दच्या टोळीला अधिक जवळ पडत असेल तर इराकने तिला अडवू नये, असे कलम घातले. आणि तिसऱ्या कलमात दोन्ही सरकारांनी कबूल केले की, सीमेच्या आसपासच्या विहिरींचा लष्करी कामासाठी उपयोग करायचा नाही, त्यांवर किल्ले बांधायचे नाहीत आणि सैन्य जमवायचे नाही. ‘आसपास’ म्हणजे किती मैल, हे कुणीही लिहिले नाही.

सप्टेंबर १९२७ मध्ये इराक सरकारने बुसय्याच्या विहिरींपाशी पोलिस चौकी बांधायला घेतली. बगदादचे म्हणणे असे की, बुसय्या सीमेपासून बरेच आत आहे, चौकी पोलिसांची आहे आणि ती छाप्यांची बातमी वेळेवर मिळावी म्हणून आहे. नज्दच्या मुतैर टोळीचा उन्हाळा ज्या विहिरींच्या भरवशावर जायचा, त्यांच्या तोंडाशी मात्र आता बंदूकधारी बसणार होते. त्या मुलखात एक-दोन दिवसांच्या उंटचालीवरची विहीर जवळचीच समजतात. लंडनच्या नकाशावर तेच अंतर लांब दिसते. नोव्हेंबरमध्ये मुतैरच्या लोकांनी रात्री चौकीवर हल्ला केला आणि तिथले पोलिस व बांधकामावरचे मजूर जवळजवळ सगळे मारले गेले. विटा रचायला आलेल्या मजुरांच्या त्या हत्येचे समर्थन कोणत्याही कलमाने होत नाही. परंतु इब्न सौद यांनी तिसऱ्या कलमावर बोट ठेवले तेव्हा ब्रिटिशांपाशी शब्दच्छलापलीकडे उत्तर नव्हते. त्यानंतर ब्रिटिश विमानांनी छापेखोरांवर बाँब टाकले, नज्दच्या हद्दीतही टाकले, आणि मुतैरचा प्रमुख फैसल अद-दुवैश याला एरवी मिळाला नसता इतका पाठिंबा इख्वानांत मिळाला. इख्वान म्हणजे धर्मनिष्ठेने भारलेले, वसाहतींत वसवलेले बेदुईन लढवय्ये. त्यांच्याच बळावर इब्न सौद यांनी राज्य वाढवले होते आणि आता सीमेचा करार पाळायचा तर त्यांनाच आवरणे भाग होते.

यात आणखी एक अडचण होती, ती म्हणजे ब्रिटनची धोरणे एका जागी ठरत नव्हती. इराक आणि ट्रान्सजॉर्डन वसाहत खात्याकडे, कुवैत आणि बुशहरची रेसिडेन्सी (आखातातील ब्रिटिश प्रतिनिधीची कचेरी) भारत सरकारकडे, तर इब्न सौद यांच्या ताब्यात आलेल्या जेद्दाशी व्यवहार परराष्ट्र खात्याकडे. इब्न सौद यांना वर्षाला ६०,००० पौंड देणारे आणि त्यांचे वैरी असलेल्या हाशिमी घराण्यातील फैसल यांना बगदादच्या गादीवर बसवणारे सरकार एकच होते. तो तनखा १९२४ मध्ये बंद झाला. १९२८ मध्ये ब्रिटिश दूत सर गिल्बर्ट क्लेटन वाटाघाटींसाठी दोनदा जेद्दाला गेले, पण चौकी पाडण्याची मागणी बगदादने मानली नाही, आणि ते रिकाम्या हाताने परतले.

शेवट झाला तो तलवारीने. मार्च १९२९ मध्ये सबिला येथे इब्न सौद यांनी स्वतःच्याच इख्वानांचा पराभव केला. जखमी दुवैश वाचला, पुन्हा उठला, आणि जानेवारी १९३० मध्ये चहूकडून कोंडी झाल्यावर कुवैतच्या हद्दीत ब्रिटिशांना शरण आला. जीव घेणार नाही असे वचन घेऊन त्यांनी त्याला इब्न सौद यांच्या स्वाधीन केले. फेब्रुवारीत ‘लुपिन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर इब्न सौद आणि इराकचे राजे फैसल यांची भेट घडवून आणण्यात आली, आणि पुढच्या वर्षी दुवैश रियाधच्या तुरुंगात मरण पावला.