सिंहाची दाढी धरायची म्हणजे काय करायचं?

प्रश्न : मुलीच्या इंग्लिशच्या धड्यात 'शी बिअर्डेड द लायन इन हिज डेन' असं वाक्य आलंय. तिने अर्थ लावला की गुहेत दाढीवाला सिंह बसलाय! सिंहाला तर आयाळ असते ना, मग दाढी कुठून आली? आणि मराठीत काय म्हणायचं याला?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, इथे बिअर्ड हे क्रियापद आहे. दाढीला हात घालणं, म्हणजे तोंडावर जाऊन आव्हान देणं. बायबलमध्ये मेंढरं राखणारा दावीद शौल राजाला सांगतो की कळपावर आलेल्या जनावराची दाढी धरून मी त्याला मारलं, तिथे सिंहाचं नाव आहेच. पण आज जसा वापरतात तसा हा वाक्प्रचार लोकांच्या तोंडी बसला तो स्कॉटिश कवी वॉल्टर स्कॉटच्या 1808 च्या 'मार्मियन' काव्यामुळे, त्यात मार्मियन हा इंग्लिश सरदार डग्लस या स्कॉटिश सरदाराच्याच किल्ल्यात उभा राहून त्याला सुनावतो आणि डग्लस खवळून विचारतो, सिंहाच्या गुहेत येऊन त्याची दाढी धरायची तुझी हिंमत?

आता मुलीला एक नक्की सांगा, शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नकोस, कारण आपल्याकडे दाढी धरणं म्हणजे विनवणी करणं, हातापाया पडणं, अर्थ पार उलटाच होतो! मराठीत 'वाघाच्या गुहेत शिरून त्याला ललकारणं' असं म्हटलं की जमतं.

वापरताना दोन गोष्टी हव्यात, समोरचा आपल्यापेक्षा ताकदवान पाहिजे आणि जागाही त्याचीच पाहिजे. माझंच सांगते, आमच्या बिल्डरने पार्किंगचे पैसे घेऊन पार्किंग दिलं नव्हतं, वर्षभर आम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते मेसेज टाकत होतो, त्याला हा वाक्प्रचार अजिबात लागू नाही. मग शेजारच्या काकू एकट्या पावत्यांची फाइल घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेल्या, त्याची माणसं आजूबाजूला उभी असताना पावत्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि तारीख लेखी घेऊनच उठल्या. हे झालं बिअर्डिंग द लायन!

आणि मुलीच्या डोक्यात पक्कं बसायला आपलंच उदाहरण द्या, 5 एप्रिल 1663 ची रात्र, पुण्याचा लाल महाल, भोवती मुघलांची एवढी मोठी छावणी आणि महाराज थेट शायिस्तेखानाच्या मुक्कामात शिरले, खानाची बोटं तुटली. महाल मुळात महाराजांचाच, पण त्या रात्री गुहा खानाची होती.