इशाऱ्याचा मजकूर लिहिताना

पावसाचा इशारा देताना नुसता रंग आणि मिलिमीटर देऊन थांबू नका. 'रेड अलर्ट, २०४.४ मिमीहून जास्त' यावरून कुर्ल्यातल्या माणसाला दुकान कधी बंद करायचं ते कळत नाही. जागतिक हवामान संघटनाही हेच सांगते: हवा कशी असेल यापेक्षा ती काय करेल ते लिहा. मुंबईत भरतीची वेळ आणि उंची जोडाच. साडेचार मीटरच्या भरतीत जोराचा पाऊस आला की नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही.

सीएपी (कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल) या इशारे लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय साच्यात तातडी, तीव्रता आणि खात्री असे तीन वेगळे रकाने आहेत. शक्यता कमी म्हणून तीव्रता घटवू नका, नवख्यांची चूक इथेच होते. इशाऱ्याची मुदतही लिहा, नाहीतर कालचाच संदेश व्हॉट्सॲपवर आज फिरतो.