अलमट्टीविरुद्ध ग्रामसभेचा ठराव करून काही उपयोग होतो का?

प्रश्न: आम्ही शिरोळ तालुक्यातले. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची 524 मीटरपर्यंत नेऊ नये असा ठराव ग्रामसभेत करायचा विचार आहे. वर्तमानपत्रात फोटो येण्यापलीकडं त्याचा काही उपयोग होतो का? कर्नाटक ऐकत का नाही?

उत्तर: उपयोग होतो, पण तुम्हाला वाटतंय तिथं नाही. तुमचा ठराव कर्नाटकावर बंधनकारक नाही आणि दिल्लीवरही नाही. तो वाचायचा आपल्या जलसंपदा खात्यानं, आणि त्यातलं उपयोगी असेल ते पुढं आपल्या वकिलानं.

दोन राज्यांतल्या पाण्याचं भांडण संविधानाच्या कलम 262 खाली येतं. त्यासाठीचा कायदा 1956 चा, आंतरराज्य नदी पाणी विवाद कायदा. त्याच्या कलम 3 प्रमाणे तक्रार करायची ती राज्य सरकारनं. कारण म्हणून मात्र राज्यातल्या रहिवाशांच्या हिताला बाधा येणं पुरेसं आहे. म्हणजे शेत तुमचं बुडणार आणि सही मंत्रालयाची लागणार. लवादाकडं जाऊ शकणाऱ्या वादात कलम 11 नं कोर्टांना हात घालायला मनाई केलीय. लवादाच्या निकालाविरुद्ध राज्यं सुप्रीम कोर्टात जाऊ शकतात, हे कावेरीच्या खटल्यात 2016 साली स्पष्ट झालं.

आता ‘ऐकत का नाही’. कर्नाटकाच्या हातात कागद आहे म्हणून. बच्छावत लवादानं 1973 साली महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्रला 800 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. अलमट्टीला 519.60 मीटरची परवानगी सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2000 मध्ये दिली. पुढं ब्रिजेशकुमार लवादानं 30 डिसेंबर 2010 च्या निकालात 524.256 मीटर मान्य केले. 2013 च्या पुढच्या अहवालातही ती उंची कायम राहिली. तरी उंची अजून वाढलेली नाही याचं कारण, निकाल राजपत्रात प्रसिद्ध करू नये असा सुप्रीम कोर्टाचा 2011 चा आदेश. राजपत्रात आला की निकालाला सुप्रीम कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकं वजन येतं. लढाई या एका प्रसिद्धीभोवती अडलीय, सभांतल्या भाषणांभोवती नाही. आणि कर्नाटकाचा वकील आणखी एक कागद काढणार: 2019 च्या पुरानंतर आपणच नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला त्या पुराचं कारण मानलं नाही. ‘अलमट्टीमुळंच पूर येतो’ एवढंच लिहिलेला ठराव या अहवालापुढं एक मिनिट टिकत नाही.

म्हणून ठरावात मत कमी आणि मोजमाप जास्त हवं. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. हजेरीच्या सह्या इतिवृत्ताला जोडा. नाहीतर ठरावच वादात जातो.

पहिलं मोजमाप पूरखुणांचं. 2005, 2019, 2021 चं पाणी गावात कुठवर आलं ते देवळाच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर अजून दिसतं. पण ‘मारुतीच्या देवळात कमरेएवढं पाणी’ याला किंमत शून्य. सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हलनं त्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये काढून घ्या. जवळचा तलांक (उंची ठरवून दिलेली खूण) पाटबंधारे खात्याकडं मिळतो. इथं हमखास घोटाळा होतो तो असा: कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावरचे 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका हे त्या बंधाऱ्याच्या पट्टीवरचे फूट आहेत, अलमट्टीचे 519.60 मीटर समुद्रसपाटीपासूनचे. दोन्ही एका तक्त्यात शेजारी लिहिले की समोरच्याचं काम सोपं झालं.

दुसरं मोजमाप वेळेचं, आणि खरा पुरावा तोच. नृसिंहवाडीत पंचगंगा कृष्णेला मिळते. राजाराम बंधाऱ्याची पातळी उतरायला लागली, कोयनेचा विसर्ग कमी झाला, वरच्या सांगलीतही कृष्णा ओसरली, तरी कुरुंदवाड-राजापूर भागात पाणी तसंच उभं राहिलं, तर खालून फुगवटा (खालच्या अडथळ्यामुळं मागं तुंबलेलं पाणी) आहे असं म्हणायला जागा होते. त्यासाठी तासागणिक नोंदी हव्यात: कुरुंदवाडच्या केंद्रीय जल आयोगाच्या ठाण्यावरच्या, राजापूर बंधाऱ्यावरच्या, कर्नाटकातल्या हिप्परगी बॅरेजच्या आणि अलमट्टीच्या, पातळी, आवक आणि जावक तिन्ही. नदीच्या वाटेनं अलमट्टी दीडशे किलोमीटरच्या पुढं आहे आणि मध्ये हिप्परगी आहे. त्यामुळं हिप्परगीची नोंद सोडली तर बाकीचा तक्ता लंगडाच.

व्हॉट्सॲपवरचे आकडे ठरावात घालू नका. तिथं आवक आणि जावक सर्रास उलटी येते. तपासायचं सोपं गणित आहे: 11,574 क्युसेक (सेकंदाला घनफूट) दिवसभर वाहिलं की 1 टीएमसी. म्हणजे अडीच लाख क्युसेक विसर्ग म्हणजे दिवसाला साधारण 21.6 टीएमसी. 519.60 ला अलमट्टीत मावतं सुमारे 123 टीएमसी. ‘एका रात्रीत धरण रिकामं केलं’ छापाचा मजकूर या दोन आकड्यांतच गळतो.

नोंदी मिळवायच्या माहिती अधिकारात. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. अलमट्टीची माहिती कृष्णा भाग्य जल निगमकडं असते. तिकडं आपला स्टॅम्प चालणार नाही, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. ‘पाणी का सोडलं नाही’ असं विचारू नका. कारणं विचारली की अर्ज निकाली निघतो. ‘1 जुलै ते 31 ऑगस्ट 2019 या काळातील तासागणिक नोंदवहीच्या प्रती’ असं मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

मागणीही जरा बदला. ‘उंची वाढवू नका’ हे लिहाच, पण लवादानं मान्य केलेली उंची गावाच्या ठरावानं रद्द होत नाही. त्यापेक्षा ऑगस्टअखेरपर्यंत अलमट्टीची पातळी 517 मीटरच्या आसपास ठेवावी, दोन्ही राज्यांच्या आवक-जावकेच्या नोंदी पावसाळ्यात रोज जाहीर व्हाव्यात, आणि फुगवट्याचा अभ्यास दोघांना मान्य असलेल्या संस्थेकडून व्हावा, या मागण्या माझ्या मते जास्त पोचतात. यात कर्नाटकाचं पाणी कमी होत नाही, त्यामुळं त्यांना नाही म्हणणं अवघड जातं.

एक कडू गोष्ट. आपल्या बाजूच्या निळ्या पूररेषेच्या आतली, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्यातली बांधकामं आणि शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव हे मुद्दे समोरचा वकील काढणारच. तुमच्या गावातही गाळपेरात (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत) भर टाकून प्लॉट पाडले असतील तर आधी ते थांबवण्याचा ठराव करा, मग अलमट्टीचा. अशा आपल्याच सरकारच्या हयगयीला, किंवा पंचनामा-भरपाईच्या तक्रारीला, कलम 11 आड येत नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, तिथं तुम्हाला स्वतःच्या नावानं जाता येतं.