आठवणीनं एक दशक सांगितलं, हिशेबाच्या वह्यांनी दुसरं

तुमचा प्रश्न वाचला: साठी ओलांडलेल्यांनी सांगावं, आयुष्यातलं कोणतं दशक सर्वांत सुखाचं गेलं? खाली तुम्ही लिहिलंय की वय ३४ आहे, घराचे हप्ते चालू आहेत, मुलगा लहान आहे, आणि चांगले दिवस मागे पडले असं हल्ली सारखं वाटतं. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले.

मी ६५ वर्षांची. सोलापूरची. महापालिकेच्या प्राथमिक शाळेत ३५ वर्षं शिकवलं आणि २०१८ साली निवृत्त झाले.

सुखाचं दशक म्हटल्याबरोबर मनानं उत्तर देऊनही टाकलं. वय १० ते २०, म्हणजे सत्तरचं दशक. वडील गिरणीत होते. घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती, भोंग्यावर सगळं चालायचं. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला वडील बाहेर पडायचे. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल माझ्या कळत्या वयाआधीच बंद पडली होती, पण बाकीच्या गिरण्या चालू होत्या. पाळी सुटली की सगळा रस्ता माणसांनी भरून जायचा. वडिलांच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असायचा. तो वेचून काढायचं काम माझं. त्या बदल्यात ते खिशातून शेंगा काढून द्यायचे.

आणि जानेवारीत गड्डा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, ही सिद्धरामेश्वरांची यात्रा, संक्रांतीच्या दिवसांत भरते. कथा अशी की एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं मनात घेतलं. ते योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. ते लग्न सोलापुरात आजही दरवर्षी लागतं. उंच काठ्यांचे सात नंदीध्वज, ते तोलत नेणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, लग्न लागतं त्या संमती कट्ट्याभोवती लोटलेली गर्दी, आणि एका क्षणी हजारो हातांतून एकदम उडालेल्या अक्षता. धाकटा भाऊ वडिलांच्या खांद्यावर आणि मी त्यांचा सदरा घट्ट धरून. मग होम मैदानावरचे पाळणे आणि शोभेचं दारूकाम. घरी येताना केसांत तांदूळ अडकलेले असायचे, ते मी दुसऱ्या दिवसापर्यंत काढत नसे.

इतकं लिहिलं आणि थांबले. उत्तर फार चटकन आलं होतं. मुलीनं मागे एकदा मला वाचून दाखवलं होतं की वयस्क माणसांना आयुष्यातल्या गोष्टी आठवायला सांगितल्या, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी बाकीच्यांपेक्षा जास्त येतात. मानसशास्त्रज्ञांना हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी खोल उमटतात, त्याच वयात आपण कोण आहोत हे ठरत असतं. म्हणजे आठवणीला कौल मागितला तर तो तरुण वयाकडेच झुकणार. तुम्हाला ३४ व्या वर्षी मागचं सगळं उजळ दिसतंय, त्यात याचाही वाटा असू शकेल.

माझ्याकडे सुदैवानं आठवणीशिवाय दुसराही एक साक्षीदार आहे. १९८३ साली नोकरी लागली तेव्हापासून मी रोजचा खर्च वहीत लिहिते. दरवर्षी एक वही. लोखंडी पेटीत ४२ वह्या आहेत. तुमच्या प्रश्नापायी चार दुपारी त्या चाळत बसले.

पण वह्यांच्या आधीची एक गोष्ट सांगते, ती इथेच सांगायला हवी. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी १२ वर्षांची होते. माझ्या आठवणीत तो दुष्काळ चक्क गोड आहे, कारण शाळेत सुकडी, म्हणजे गोड पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, आणि त्याच भागातले माझे मामा बायकापोरांसह आमच्याकडे राहायला आले होते. घरात अकरा माणसं. आम्हा पोरांची चंगळ! रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून आम्ही रडायचो, आणि आई गूळ शोधून आणायची. ती स्वतः काय जेवायची हे मी कधी पाहिलंच नाही, कारण ती जेवायची तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो. परवा हिशेब केला. बहात्तरला आई ३४ वर्षांची होती. तुमच्याच वयाची. माझं सुखाचं दशक तिच्या तिशीवर उभं होतं.

आता वह्या. सुरुवातीच्या पानांवर अक्षर मोठं आणि टपोरं आहे. लग्न, मुलीचा जन्म, यांनी भाड्यानं घेतलेले चार यंत्रमाग. टर्किश टॉवेल विणायचे. सुताचा भाव, कामगारांचा आठवड्याचा पगार, टॉवेलचे नग, हे सगळं माझ्या घरखर्चातच मिसळलंय. वीस ते तीस या वयाबद्दल मला फारसं सांगण्यासारखं सापडलं नाही. धावपळ होती आणि अंगात बळ होतं.

तिशीतलं एक पान मात्र बघत राहिले. ३० सप्टेंबर १९९३. त्या तारखेपुढे काहीच लिहिलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, सगळं गाव दमून झोपलेलं, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारीचा भूकंप. आम्ही मुलीला उचलून रस्त्यावर आलो. दुसऱ्या दिवशीची नोंद: मेणबत्त्या, बिस्किटं, सतरंजी. त्यापुढची: चार चादरी, किल्लारीला दिल्या. त्यानंतर बरेच दिवस सगळी गल्ली बाहेरच झोपत होती. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्या घरांची अंथरुणं एकमेकांना लागून. समोरच्या आजी तेलुगूत गोष्ट सांगायच्या आणि माझी मुलगी न कळताही ऐकत झोपायची. भीतीचे दिवस होते, पण ती झोप मला अजून आठवते.

मग चाळिशी. या वह्या चाळताना मला मध्येच उठावं लागलं. लोडशेडिंगमुळे माग तासन्तास बंद, सूत महाग, केलेल्या मालाचे पैसे अडकलेले. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं त्याच सुमाराला आमचा कारखाना संपला. आधीचे भाड्याचे माग परत करून नंतर आम्ही कर्जानं स्वतःचे घेतले होते. ते भंगारात किलोच्या भावानं गेले. वजनकाट्यापाशी हे उभे होते. घरी येऊन म्हणाले, ‘जेवायला वाढ’, आणि ताटावर बसून नुसते पाहत राहिले. त्यातच सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलीची इंजिनिअरिंगची फी. २००६ सालची अख्खी वही मी ओळ न ओळ वाचली. हप्ता, औषध, हप्ता, फी, उसने परत, हप्ता. माझ्या स्वतःसाठी वर्षभरात एकच नोंद आहे: चपलेचा अंगठा, शिवून घेतला. मी तेव्हा ४६ वर्षांची होते. त्याच वर्षी एकदा शाळेतून येताना सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसले आणि रडले. त्या दिवशी वेगळं असं काही घडलेलं नव्हतं.

डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली अनेक देशांतल्या लोकांच्या उत्तरांवरून दाखवलं की समाधान तरुणपणी बरं असतं, वयाच्या मध्यावर उतरत जातं आणि नंतर पुन्हा वर येतं. सर्वांत खालचा टप्पा चाळिशीच्या उत्तरार्धाच्या आसपास. मुलीनं हे सांगितलं तेव्हा मी तिला २००६ ची वही दाखवली. पण तुमच्यासाठी यातली पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच ब्लँचफ्लॉवर यांनी अलीकडे लिहिलंय की बऱ्याच देशांत आता तरुणांचीच मनं इतकी खचू लागलीत की ती जुनी वळणरेषा पुसट होत चाललीये. म्हणून ‘अजून तुमचं वयच काय’ असं बोलून मी तुम्हाला उडवून लावणार नाही. तुमच्या पिढीवरचा ताण खरा आहे, तो मी माझ्या मुलीच्या घरात पाहते.

आता माझं उत्तर. वह्यांच्या साक्षीनं माझं सुखाचं दशक म्हणजे ५० ते ६०, साल २०१० ते २०.

मोठं असं काही घडलं नाही त्यात. सहाव्या वेतन आयोगानं पगार वाढला होता, कर्ज संपलं. सुखात पैशाचा वाटा मोठा होता. तो लपवून मनाच्या समाधानावर बोलणं मला जमणार नाही. मार्च २०११ च्या पानावर शेवटच्या हप्त्याखाली लाल शाईनं दोन रेघा मारलेल्या आहेत, दुसरी इतकी जोरात की कागद फाटलाय. सासूबाई त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेल्या. त्यांचं मी मनापासून केलं, आणि त्या गेल्यावर रात्री सलग झोप लागली याची लाजही बरेच दिवस वाटली. दोन्ही खरं आहे. मुलगी पुण्याला नोकरीला लागली. तिला भेटायला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचो, डब्यात धपाटे आणि शेंगाचटणी.

वह्यांत मला एक शब्द सापडला, तो मी मुद्दाम मोजला. ‘दोघे’. हुरडा, दोघे. नाटकाची तिकिटं, दोघे. पार्क चौकात भजी, दोघे. हा शब्द २०११ च्या आधीच्या २८ वह्यांत एकदाही नाही. आधी यांची रात्रपाळी आणि माझी सकाळची शाळा. एका घरात राहून आम्ही एकमेकांना दारातच भेटायचो. कारखाना गेल्यावर हे दुसऱ्याच्या कारखान्यात देखरेखीला लागले, संध्याकाळी सहाला घरी. लग्नाला २५ वर्षं उलटून गेल्यावर मला कळलं की यांना चहात आलं आवडत नाही. इतकी वर्षं मी घालत होते आणि ते पीत होते.

दुसरी नोंद जून २०१३ ची: पाटी, पेन्सिल (माझी). सोलापुरात महापालिकेच्या शाळा मराठी आहेत, तेलुगू आहेत, कन्नड आहेत, उर्दू आहेत. आमच्या शाळेच्या भिंतीला भिंत लागून तेलुगू शाळा होती. पूर्व भागातली मुलं, आया विड्या वळायच्या, वडील मागावर. त्यांच्याशी बोलून तेलुगू कानाला कळायची, पण अक्षर एक ओळखू यायचं नाही. ५३ व्या वर्षी त्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंना म्हटलं, ‘अक्का, मला वाचायला शिकवा.’ रोज पाऊण तास. मी इतकी वर्षं पहिलीची मुलं घडवली होती, आता मी पहिलीत. अक्का हात धरून अक्षर वळवून घ्यायच्या, अगदी मी मुलांचा धरायचे तसा. ती गोल अक्षरं माझ्या हातून सुरुवातीला बटाट्यासारखी यायची. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला तेलुगू विणकर समाजाच्या मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव निघाला, तेव्हा गर्दीत उभी राहून एका तेलुगू फलकावरचा ‘मार्कंडेय’ हा शब्द मी वाचला. लहानपणापासून हा रथ पाहत आलेली मी, आणि तो शब्द पहिल्यांदा मला दिसला. घरी येईपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत आले. त्या दिवसाच्या आनंदाला माझ्या गड्ड्याच्या अक्षतांशेजारी ठेवायला मला जराही संकोच वाटत नाही.

तुम्हाला एक विनंती करते. चांगले दिवस मागे पडले असं ज्या रात्री वाटेल, त्या रात्री त्या दिवसाची एक ओळ कुठेतरी लिहून ठेवा. मुलानं काय खाल्लं, हप्ता गेला का, एवढंही चालेल. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर वय वाढायची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. २००६ साली मला हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

उत्तर इथे संपवणार होते. पण आई आहे अजून, ८७ वर्षांची, भावाकडे असते. काल तिला भेटायला गेले तेव्हा तुमचा प्रश्न तिलाही विचारला. मनात मी तिचं उत्तर ठरवून टाकलं होतं. वडील निवृत्त झाल्यावरची वर्षं सांगेल, नाहीतर नातवंडांची. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘बहात्तरच चांगलं होतं की गं.’

मी म्हटलं, ‘आई, तेव्हा दुष्काळ होता. तू उपाशी झोपायचीस.’

‘असंल,’ ती म्हणाली. ‘पण गिरणी चालू होती. माझा भाऊ माझ्या घरी होता. अकरा माणसं जेवायची माझ्या हातचं.’

तिचं म्हणणं मी जसंच्या तसं कालच्या तारखेला वहीत लिहून ठेवलंय. खाली खर्च: रिक्षा, केळी अर्धा डझन.