मोठ्या टायरसाठी चेसिस कापावी का?

प्रश्न : पिकअपला ३१ इंचांऐवजी ३५ इंच व्यासाचे ऑफ-रोड टायर बसवले आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढचे टायर चाकाच्या खोबणीत मागच्या बाजूला घासतात. मेकॅनिक चेसिस कापायला सांगतो. कापावी का?

उत्तर : आधी टायर नेमका कुठे घासतो ते पाहा, घासल्याची चकाकी लगेच दिसते. अशा वेळी बहुधा चेसिसचा मुख्य दांडा नव्हे, तर त्यावर वेल्ड केलेला, केबिन पेलणारा ब्रॅकेट आड येतो. त्याचा पुढचा कोपरा कापून, उघड्या तोंडावर तेवढ्याच जाडीची पोलादी पट्टी सलग वेल्ड केली, तर त्याची मजबुती बऱ्याच अंशी टिकते. नुसता कापून सोडलेला ब्रॅकेट मात्र कमकुवत होतो आणि आतून गंजतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी, जवळचा रबरी बुश (धक्के झेलणारी रबरी गादी) आचेपासून वाचवावा आणि शेवटी प्रायमर व रंग लावावा.

मुख्य दांड्याला मात्र हात लावू देऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. इंजिन, सस्पेन्शन आणि माल यांचा सगळा भार त्यावर असतो, आणि तडा बहुतेकदा कापलेल्या किंवा तापलेल्या जागीच सुरू होतो. टायर तिथेच घासत असेल, तर योग्य ऑफसेटची (चाक किती आत किंवा बाहेर बसते, त्या मापाची) रिम घ्या किंवा टायर लहान करा.

कापण्याआधी आणि नंतरही, एक चाक उंचावर चढवून सस्पेन्शन पूर्ण दाबलेले असताना स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून पाहा. स्पीडोमीटरही जुळवून घ्या : मोठ्या टायरमुळे आता तो ६० दाखवतो तेव्हा खरा वेग सुमारे ६८ असतो.