डिस्प्रॅक्सियाची तपासणी करा, पॅकेज मात्र हप्त्यावर घेऊ नका

प्रश्न : वय ३३, राहणार कळवा, नोकरी ऐरोलीला. हातात ४६,००० येतात, खर्च ३८,०००. एफडी ९०,०००. शर्टाची बटणं, बुटांची नाडी, स्कूटर, लहानपणापासून सगळ्यातच धडपड. एक केंद्र डिस्प्रॅक्सियाची (लहानपणापासून हालचालींचा मेळ न जमणं) तपासणी आणि थेरपीची २४ सत्रं मिळून ५४,००० सांगतंय, ६,०००चे ९ बिनव्याजी हप्ते. नुसती तपासणी ९,०००, सुटं सत्र २,०००. पॅकेज घेऊ का?

उत्तर : तपासणी जरूर करा, पॅकेज नको. त्यातून तपासणीचे ९,००० वजा केले तर सत्र १,८७५ला पडतं. म्हणजे चोवीसही सत्रं पूर्ण केलीत तर वाचणार ३,०००, आणि त्यासाठी निदानाआधीच ४५,००० बांधले जाणार. मोठ्यांमध्ये डिस्प्रॅक्सियाबरोबर एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) बऱ्याचदा आढळतो. तसं निघालं तर खर्चाची दिशाच बदलते. 'बिनव्याजी हप्ता' हे सहसा तुमच्या नावावरचं फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. सत्रं सोडलीत तरी हप्ता सुटत नाही, चुकला की सिबिल बिघडतो. तुमची एफडी अडीच महिन्यांचा खर्चही भागवत नाही, तिला हात लावू नका.

आधी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात केस पेपर काढून डॉक्टरांना दाखवा. डिस्प्रॅक्सिया लहानपणापासूनच असतो. तोल जाणं किंवा हात थरथरणं अलीकडे सुरू झालं असेल तर कारण वेगळं असू शकतं, तेव्हा हे आधी.

मग तपासणी, दोन महिन्यांच्या शिलकीतून. हालचालींच्या बहुतेक चाचण्यांची प्रमाणकं (गुण ज्यांच्याशी ताडून पाहतात ते आकडे) मुलांवर आणि कोवळ्या तरुणांवर बेतलेली आहेत. तेहतिशीत नुसत्या गुणांवर निदान ठरत नाही, बालपणीचा पुरावा लागतो. आईला विचारून लिहून काढा : चालायला कधी लागलात, सायकल कधी जमली, घास सांडायचा का. प्रगतिपुस्तकं आणि जुन्या वह्या शोधा. याला पैसे लागत नाहीत, आणि याच्याशिवाय ९,०००चा अहवाल लंगडा राहतो. पैसे भरण्याआधी अहवालावर सही कोणाची ते विचारा. मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे हवी, ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारा) राज्य परिषदेकडे.

निदानाच्या कागदाकडून पैशांची अपेक्षा ठेवू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली (शिकण्यातल्या ठरावीक अडचणी) डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे, म्हणून अनेकांना करसवलत मिळेल असं वाटतं. पण दिव्यांगांच्या ७५,०००च्या वजावटीला किमान ४० टक्क्यांचं सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि नव्या कररचनेत ती नाहीच. आरोग्य विम्यातूनही बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे सहसा परत येत नाहीत. कागदाचा उपयोग ऑफिसात होईल : हाताने लिहिण्याऐवजी टायपिंग, सूचना तोंडी न देता लेखी.

थेरपी घ्यायची ठरली तर आधी सुटी चार सत्रं, एकच ध्येय धरून, उदाहरणार्थ स्कूटर वळवणं. घरी करायचा सराव लेखी मागा. चौथ्या सत्राला थेरपिस्टबरोबर बसून फरक मोजा आणि पुढची सत्रं तेव्हा ठरवा. यापुढे कुठलीही पॉलिसी घेताना निदानाबद्दल विचारलं तर खरं लिहा. लपवलेल्या माहितीवरून दावा नाकारला जाऊ शकतो.