ब्रेडबोर्डवर चालणारं सर्किट की-चेनएवढ्या पीसीबीवर आणायचंय, सुरुवात कुठून करू? बोर्ड घरी एच करू (म्हणजे नको असलेलं तांबं केमिकलने काढू) की बनवून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की एटीटायनी८५ (छोटी मायक्रोकंट्रोलर चिप), दोन एलईडी, एक बटण आणि सीआर२०३२ हा चपटा गोल सेल आहे. मग सॉफ्टवेअर उघडायच्या आधी सेलचा होल्डर आणून समोर ठेवा, कारण बोर्ड किती लहान होणार हे इथे सर्किट नाही, सेल ठरवतो. सेलचाच व्यास २० मिमी, होल्डर त्याहून मोठा, म्हणजे चिप कितीही बारीक घेतली तरी बोर्ड २५ मिमीच्या आसपास जाणारच. मग उगाच ०४०२ या अगदी बारीक साइझचे रेझिस्टर घेऊन डोळे कशाला फोडायचे, त्याहून मोठे ०८०५ घ्या, साधी सोल्डरिंग गन आणि चिमटा असला तरी आरामात लागतात. होल्डर मागे, बाकी सगळं पुढे.

ड्रॉइंगसाठी किकॅड हे सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि एवढ्या कामाला भरपूर झालं.

नवीन माणूस अडकतो तो फुटप्रिंटमध्ये, म्हणजे पार्टचे पाय बोर्डवर जिथे सोल्डर होतात त्या पॅडच्या नकाशात. एटीटायनी८५ ची एसएमडी, म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारी, चिप (२०एसयू वाली) दिसायला नेहमीच्या आठ पायांच्या एसओआयसी पॅकेजसारखीच (पॅकेज म्हणजे चिपचं बाहेरचं कवच), पण अंगाने रुंद, साधारण ५.३ मिमी, आणि लायब्ररीत एसओआयसी-८ शोधलं की आधी ३.९ मिमीवालं समोर येतं, पायांमधलं अंतर दोघांचं सारखंच १.२७ मिमी त्यामुळे स्क्रीनवर काही कळत नाही. म्हणून लेआउट झाला की तो १:१ स्केलला कागदावर प्रिंट करा आणि खरे पार्ट त्यावर ठेवून बघा. होल्डर आणि बटणसुद्धा. म्हणजेच पार्ट आधी विकत घ्यायचे (मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला एक चक्कर) आणि बोर्ड नंतर.

लेआउटमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या व्हीसीसी (पॉवर) आणि ग्राउंड पायांना अगदी चिकटून ठेवा, रीसेटला १० के चा पुल-अप (व्हीसीसीला जोडलेला रेझिस्टर) द्या, ट्रॅक ०.२५ ते ०.३ मिमी, उरलेल्या जागेत ग्राउंडला जोडलेलं तांबं भरून टाका. एलईडी लाल घ्या, पांढऱ्या-निळ्याला ३ व्होल्टच्या जवळपास लागतात आणि सेल जरा उतरला की त्या मंद होतात.

प्रोग्रामिंगचा सहा पिनचा हेडर एवढ्याशा बोर्डवर फार जागा खातो, त्याऐवजी नुसते सहा पॅड सोडा आणि वायर किंवा पोगो पिन (स्प्रिंगवाल्या पिना) टेकवून प्रोग्राम करा. फक्त त्या वेळी सेल काढून ठेवा हां! आर्डुइनो ऊनोने प्रोग्राम करणार असाल तर ५ व्होल्ट थेट सेलवर जातात आणि हा सेल चार्ज करायचा नसतो.

घरी एच करायचं म्हणाल तर ग्लॉसी पेपर, इस्त्री, फेरिक क्लोराइड हे एका बाजूच्या, जाड ट्रॅकच्या बोर्डला ठीक आहे, मजाही येते. पण तुमचा दोन बाजूंचा आहे, दोन्ही बाजू जुळवा, मग प्रत्येक व्हायाला (दोन बाजूंचे ट्रॅक जोडणारी जागा) भोक पाडून तार सोल्डर करा, मी तरी नाही करणार. बनवून घ्या. बाहेरून मागवलात तर बोर्डापेक्षा शिपिंग आणि कस्टमच महाग पडतं, त्यामुळे ऑर्डर देताना एकदोन मित्रांचे बोर्ड सोबत घ्या. जाडी नेहमीची १.६ मिमी असते, की-चेनला ०.८ चालेल का ते विचारा, हातात छान वाटतं. आणि पाठवण्याआधी डीआरसी (किकॅडची चुका शोधणारी तपासणी) चालवून जर्बर फाइल (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायची ड्रॉइंग) व्ह्यूअरमध्ये उघडून बघा, विशेषतः भोकांची फाइल झिपमध्ये आहे ना ते.

स्केमॅटिक झालं की स्क्रीनशॉट इथेच टाका, बघतो.